फॅब्रिकेशनचे ड्रॉइंग संगणकावर : वेळ आणि पत्रा कसा वाचवावा

कामरगाव हे वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील गाव. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा वेगळा होईपर्यंत हा भाग अकोला जिल्ह्यात होता. अशा गावांत फाटक, खिडकीची ग्रील, शटर, ट्रॉलीची बॉडी ही कामे करणारे जे कारागीर आहेत, त्यांच्यात आपल्या समाजातील मिस्त्रींची संख्या लक्षणीय आहे. पूर्वी फाटकाचा नक्षा खडूने फरशीवर काढला जाई. आता मुलगा शिकून येतो, दुकानात संगणक येतो आणि जाळीचा पत्रा लेझरवर कापून घेण्यासाठी फाइल शहरात पाठवली जाते. हा बदल चांगलाच आहे. मात्र खडूच्या नक्षात ज्या चुका होत नव्हत्या, त्या संगणकावरच्या नक्षात होऊ लागल्या आहेत. म्हणून या पानावर आज आम्ही ऑटोकॅड व त्यासारख्या ड्रॉइंगच्या प्रोग्रॅमविषयी लिहीत आहोत. ज्यांना रेघ मारता येते, पण एका फाटकाला अख्खा दिवस लागतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी आमच्याच ओळखीच्या एका दुकानातील गोष्ट. दोन पल्ल्यांचे फाटक, वर नक्षीदार जाळी, पत्रा दोन मिलिमीटरचा. घरात निकाह असल्याने तारीख पक्की होती. ड्रॉइंग तयार झाल्यावर ग्राहकाने खांबांना दगडी लादी बसवली, त्यामुळे प्रत्येक पल्ल्याची रुंदी एक इंचाने कमी करावी लागली. दुकानातील मुलाने काय केले, तर ड्रॉइंगमधील मापाच्या आकड्यावर दोनदा क्लिक केले आणि जुना आकडा पुसून नवा लिहिला. रेघ होती तेथेच राहिली. छापलेला कागद पाहून मिस्त्रींनी नवीन मापाची चौकट बरोबर जोडली. जाळी मात्र फाइलवरून कापली गेली. मशीन आकडा वाचत नाही, रेघेवरून चालते. दोन्ही पत्रे चौकटीपेक्षा एक-एक इंच मोठे आले. ग्राहक दारात उभा राहून म्हणाला, "काहून हो मिस्त्री, जाळी तं चौकटीत बसूनच नाही राह्यली." चाचांनी काही उत्तर दिले नाही. त्यांनी ग्राइंडर उचलला आणि एका बाजूची किनार कापली. जाळी बसली, पण नक्षी मधोमध राहिली नाही, आणि मजुरीतून बरीच रक्कम सोडून द्यावी लागली. कटिंगवाल्याला दोष देता येत नव्हता. त्याने जे मिळाले तेच कापले होते.

म्हणून पहिली गोष्ट हीच सांगतो. माप बदलायचे असेल तर आकडा कधीही हाताने लिहू नये. 'स्ट्रेच' हा कमांड घ्यावा, बदलायची बाजू उजवीकडून डावीकडे चौकट ओढून निवडावी आणि हवे तेवढे अंतर द्यावे. रेघही सरकते आणि तिला जोडलेले माप आपोआप बदलते. दुसऱ्याने काढलेली फाइल हाती आली तर मापावर क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'टेक्स्ट ओव्हरराइड' हा रकाना पाहावा. त्यात काही लिहिलेले दिसले तर समजावे की हा आकडा हाताने घातलेला आहे. तो पुसला की खरे माप समोर येते. आम्ही एका दुकानात तीन जुन्या फाइली अशा तपासल्या आणि दोनमध्ये खोटे आकडे सापडले.

रेघ आणि प्रत्यक्ष काप यांतील हे अंतर आजचे नाही. बगदादचे गणितज्ञ अबुल वफा अल-बुझजानी (९४० ते ९९८) यांनी कारागिरांना लागणाऱ्या भूमितीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी गणिती आणि कारागीर एकत्र बसून करीत असलेल्या चर्चांचा उल्लेख केला आहे. तीन सारखे चौरस कापून त्यांचा एक मोठा चौरस कसा करावा, हा त्यातील एक प्रश्न. कारागिरांच्या काही रीती डोळ्यांना बरोबर दिसत, पण हिशेबाने चुकत. उलट गणितीला कागदावर सिद्ध झाले की पुरे, प्रत्यक्ष तुकडे कापण्याची अडचण त्याला नसे. आपल्या दुकानातही हेच दोन पक्ष आहेत : संगणकावर बसणारा मुलगा आणि ग्राइंडर धरणारे चाचा. दोघांनी एका नक्ष्यावर बसणे हे कोणत्याही कमांडपेक्षा जास्त उपयोगी आहे.

सूत, इंच आणि मिलिमीटर

आपल्या कामात माप फूट, इंच आणि सुतात बोलले जाते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. लेझर किंवा प्लाझ्मा कटिंगवाल्याला मात्र मिलिमीटर हवे असतात. हा गोंधळ सुरुवातीलाच मिटवावा. ऑटोकॅडमध्ये 'युनिट्स' हा कमांड देऊन 'आर्किटेक्चरल' हा प्रकार आणि अचूकता एक-अष्टमांश इंच निवडली की प्रोग्रॅम चक्क सुतात बोलू लागतो. तीन फूट सहा इंच तीन सूत लिहायचे तर तीनपुढे फुटाची खूण, मग सहा, आडवी रेघ आणि तीन-अष्टमांश. मिस्त्रींनी टेप धरून जे माप ओरडून सांगितले तेच लिहायचे, मनात गुणाकार करण्याची गरज नाही.

या पद्धतीत संगणकाच्या दृष्टीने एक युनिट म्हणजे एक इंच असतो. तीच फाइल कटिंगवाल्याच्या मशीनने मिलिमीटर समजून उघडली तर चार फुटांची जाळी ४८ मिलिमीटरची, म्हणजे काडेपेटीएवढी दिसते. एवढी मोठी चूक निदान लगेच लक्षात येते. म्हणून पाठवण्याआधी फाइलची वेगळी प्रत करावी, त्या प्रतीत सर्व निवडून 'स्केल' कमांडने २५.४ पट करावे आणि 'डिस्ट' कमांडने एक माहीत असलेली बाजू मोजून पाहावी. चार फूट असेल तर १२१९.२ आले पाहिजे. ते आले तरच फाइल पाठवावी. ज्यांचे बहुतेक काम लेझरचेच असते त्यांनी सुरुवातीपासून मिलिमीटरमध्ये काढावे, म्हणजे ही भानगडच राहत नाही.

फाटकाचा हिशेब उदाहरणाने पाहू. दोन खांबांमधील मोकळी जागा १२ फूट. ही जागा खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजावी, कारण खांब ओळंब्यात असतीलच असे नाही. तिन्हींतील सर्वात लहान माप धरावे. बिजागरीसाठी दोन्ही बाजूंना चार-चार सूत आणि दोन पल्ल्यांच्या मध्ये चार सूत सोडले तर दीड इंच गेला. उरले १४२.५ इंच. प्रत्येक पल्ला ५ फूट ११ इंच २ सूत. बिजागरी वेगळ्या प्रकारची असेल तर सोड बदलेल, ती आधी हातात घेऊन मोजावी. उंची ५ फूट धरली तर पल्ल्याचा कर्ण २३६६ मिलिमीटर येतो, म्हणजे सुमारे ७ फूट ९ इंच १ सूत. हा कर्ण स्क्रीनवर एक रेघ मारून मोजावा आणि कागदावर ठळक छापावा. चौकट टाचताना दोन्ही कर्ण त्याच्याशी जुळले की गुण्या लावण्याचीही फारशी गरज पडत नाही.

हात जलद कसा चालेल

वेळ कोठे जातो हे आम्ही काही मुलांच्या शेजारी बसून पाहिले. बहुतेक वेळ चित्रे शोधण्यात जातो. प्रत्येक कमांडसाठी माऊस वर नेऊन छोटे चित्र दाबायचे, पुन्हा खाली यायचे. त्यापेक्षा डावा हात कीबोर्डवर आणि उजवा माऊसवर ठेवावा. रेघेसाठी एल, समांतर रेघेसाठी म्हणजे ऑफसेटसाठी ओ, जादा कापण्यासाठी म्हणजे ट्रिमसाठी टी-आर, कॉपीसाठी सी-ओ, आरशातील प्रतिमेसाठी एम-आय, कोपरा जुळवण्यासाठी एफ. एवढी सहा पाठ झाली तरी फाटकाचे बहुतेक काम होते. एंटरऐवजी स्पेसबार चालतो, तो अंगठ्याखालीच असतो. कमांड संपल्यावर पुन्हा स्पेसबार दाबला की तोच कमांड परत सुरू होतो, दहा सळ्या ऑफसेट करताना हे फार कामाचे आहे. एफ-८ दाबले की रेघ सरळ आडवी-उभीच जाते. मग माऊस दिशेला नेऊन फक्त माप लिहायचे. एफ-३ चालू ठेवले की टोक, मध्य, केंद्र आपोआप पकडले जाते. डोळ्याने टोकाला टोक लावू नये. स्क्रीनवर चिकटलेले दिसते, मोठे करून पाहिले की फट असते आणि त्या फटीचा त्रास पुढे कटिंगमध्ये होतो.

निवड करण्याचेही दोन प्रकार आहेत. डावीकडून उजवीकडे चौकट ओढली तर तिच्यात पूर्ण आलेल्याच वस्तू निवडल्या जातात. उजवीकडून डावीकडे ओढली तर चौकटीला स्पर्श करणारे सर्व निवडले जाते. हे माहीत नसल्याने मुले एक-एक सळी क्लिक करीत बसतात. कोपरा काटेकोर जुळवायचा असेल तर फिलेट घेऊन शिफ्ट दाबून दोन रेघांवर क्लिक करावे. वाढलेले कापले जाते, कमी पडलेले वाढते.

आणि एकच गोष्ट दोनदा काढू नये. भाल्याचे टोक, बिजागरी, कुलपाची पेटी, कडी हे सर्व एकदा नीट काढून 'ब्लॉक' करून ठेवावे. ब्लॉकमध्ये बदल केला की त्या ड्रॉइंगमधील सर्व चाळीस भाले एकदम बदलतात. वर्षभरात असे तीस-चाळीस ब्लॉक जमले की नवीन फाटकाचे ड्रॉइंग अर्ध्या तासात होते, आणि ग्राहक चहा पीत असतानाच त्याला स्क्रीनवर दाखवता येते.

जाळी आणि नक्षी

आठ कोनी ताऱ्याची जाळी आपल्याकडे फार मागितली जाते. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यातील दगडी जाळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या कामाची नजाकत वेगळी सांगायला नको. मुले अशी नक्षी इंटरनेटवरील चित्रावरून गिरवतात किंवा प्रोग्रॅमकडून आपोआप रेघा करून घेतात. दोन्ही वाईट. आपोआप झालेल्या रेघेत शेकडो बारीक तुकडे असतात. मशीन अडखळत चालते आणि कड खडबडीत येते.

नक्षी मुळातून काढणे जास्त सोपे आहे. तारा आठ कोनी असेल तर वर्तुळाचा आठवा भाग ४५ अंशांचा, आणि त्याचाही अर्धा साडेबावीस अंशांचा. फक्त त्या साडेबावीस अंशांतील दोन-तीन रेघा काढायच्या. मिरर केले की पाकळी होते, पोलर ॲरे करून आठ प्रती घेतल्या की तारा होतो, आणि आडव्या-उभ्या ॲरेने पूर्ण पत्रा भरतो. ॲरेची संख्या ठरवण्याआधी पत्र्याच्या आतील मापाला ताऱ्याच्या मापाने भागून पाहावे. पूर्ण भाग जात नसेल तर ताऱ्याचे माप थोडे बदलावे, कडेला अर्धा तारा तोडू नये. दोन भोकांमधील पट्टी फार बारीक ठेवली तर कापताना उष्णतेने पत्रा वाकतो. भोकाचा व्यास निदान पत्र्याच्या जाडीइतका असावा, प्लाझ्मावर दीडपट धरावा. कटिंगचा दर बहुतेक ठिकाणी कापाच्या लांबीवर किंवा वेळेवर असतो. म्हणून बारीक नक्षीचा भाव सांगण्याआधी कटिंगवाल्याला फाइल दाखवून दर घ्यावा. नाहीतर नक्षी ग्राहकाच्या पसंतीची आणि तोटा आपला.

फाटकावर नाव किंवा 'माशाअल्लाह' कापून घेण्याची पद्धतही वाढली आहे. येथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. अक्षर आरपार कापले तर 'व', 'ब', 'क' यांच्या पोटातील बंद भाग निखळून पडतो. उर्दूत मीम, वाव, स्वाद यांचेही तेच. त्या भागाला दोन-तीन मिलिमीटरचा पूल ठेवून बाजूच्या पत्र्याला जोडावे लागते. अक्षरे सुटी कापून चौकटीवर जोडायची असतील तर उलटी अडचण : नुक्ते वेगळे होऊन पडतात, त्यांना धरणारी पट्टी द्यावी लागते. कापलेल्या पत्र्यातून नुक्ता हरवला तर शब्दच बदलतो, हे वाचकांना सांगायला नको. नस्तालीक लिपी ड्रॉइंगच्या प्रोग्रॅममध्ये अनेकदा तुटक दिसते. ती इनपेजमध्ये किंवा इंकस्केपमध्ये तयार करून, अक्षराची कडा रेघेत रूपांतरित करून मग डीएक्सएफ फाइल म्हणून आणावी. नुसते टाइप केलेले अक्षर पाठवले तर समोरच्या संगणकात तो फॉन्ट नसतो आणि भलतेच काही उमटते.

पाठवण्याआधी 'ओव्हरकिल' कमांडने एकावर एक पडलेल्या दुहेरी रेघा काढून टाकाव्यात. त्या राहिल्या तर मशीन त्याच जागी दोनदा कापते आणि पैसेही दोनदा लागतात. प्रत्येक आकृती 'जॉइन' करून बंद पॉलीलाइन करावी. बंद झाली का हे पाहण्याची सोपी रीत म्हणजे आत हॅच भरून पाहणे. भरत नसेल तर कोठेतरी फट आहे. कापाच्या रेघा एका लेयरवर, मापे दुसऱ्यावर, मजकूर तिसऱ्यावर ठेवला तर पाठवताना फक्त कापाचा लेयर देता येतो.

माल किती लागेल

ड्रॉइंगचा खरा फायदा आम्हाला येथे दिसतो, आणि याच कामासाठी ते सर्वात कमी वापरले जाते. चौकोनी नळी २० फुटांची म्हणून विकली जाते, काही ठिकाणी ती ६ मीटरची असते, म्हणजे जेमतेम १९ फूट ८ इंच. वरच्या फाटकात पाच फुटांचे चार उभे तुकडे लागतात. चार पाचे वीस म्हणून एक नळी पुरेल असे वाटते. पण कापणारी चकती प्रत्येक कापात सुमारे एक सूत खाते, तीन कापांत जवळजवळ एक सेंटिमीटर. शेवटचा तुकडा कमी पडणारच. स्क्रीनवर नळीच्या लांबीच्या आडव्या पट्ट्या काढून त्यांवर तुकडे ठेवून पाहावेत, प्रत्येक तुकड्यामध्ये एक सूत सोडून. या फाटकाला एका नळीतून तीन आडवे, दुसरीतून एक आडवा आणि दोन उभे, तिसरीतून दोन उभे असे निघतात, आणि उरलेल्या तुकड्यांत मधल्या आधाराचे काम भागते. बाजारात जाण्याआधी हे कळले तर दुसरी फेरी वाचते.

वळणदार पट्टीच्या फुलांचेही तसेच. वळण पॉलीलाइनने काढून जोडले की प्रॉपर्टीजमध्ये त्याची पूर्ण लांबी दिसते. दोरी वळवून मोजण्यापेक्षा हे अचूक. वाकवताना पकडण्यासाठी थोडी जादा लांबी धरावी. तेच वळण कागदावर एकास एक प्रमाणात छापून फरशीवर चिकटवले की वाकवणाऱ्याला साचा मिळतो. मात्र छापताना 'फिट टू पेपर' ची खूण काढून टाकावी, आणि कागदावर १०० मिलिमीटरची एक रेघ मुद्दाम ठेवून ती पट्टीने मोजावी. ९७ आली तर साचा फेकून द्यावा.

वजनाचा हिशेब : 'एरिया' कमांडने चौरस मीटर काढावेत, जाडीने (मिलिमीटरमध्ये) गुणावे आणि ७.८५ ने गुणावे, म्हणजे लोखंडाचे किलो येतात. आठ बाय चार फुटांचा दोन मिलिमीटरचा पत्रा सुमारे ४६.७ किलोचा होतो. किलोवर भाव ठरवताना ग्राहकासमोर हा हिशेब मांडला की घासाघीस कमी होते, आणि वजनकाट्यावरही तेच वजन निघाले की पुढचे गिऱ्हाईक तो स्वतःच पाठवतो.

लाइट आणि फाइल

ड्रॉइंग करताना लाइट गेली तर काय, हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. ऑटोकॅड दर दहा मिनिटांनी स्वतः एक प्रत ठेवते. ही वेळ 'सेव्हटाइम' ने पाच मिनिटे करावी. ती प्रत तात्पुरत्या फोल्डरमध्ये वेगळ्या शेपटीच्या नावाने असते, शेपटी बदलून डीडब्ल्यूजी केली की उघडते. ड्रॉइंगच्या शेजारी असणारी 'बॅक' शेपटीची फाइलही अशीच उघडते. तिला कचरा समजून पुसणारी मुले आम्ही पाहिली आहेत.

प्रोग्रॅमच्या किमतीबद्दल. ऑटोकॅड डिसेंबर १९८२ मध्ये बाजारात आले. पूर्वी ते एकदा विकत घेतले की कायमचे आपले असे, २०१६ पासून मात्र नवीन ग्राहकाला मुदतीचे भाडे भरावे लागते. छोट्या दुकानाला ते परवडत नाही म्हणून चोरीची प्रत वापरली जाते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली हा गुन्हा आहे, त्यातून येणारे व्हायरस वेगळे, आणि हलाल कमाईचा विचार करणाऱ्याला तो वेगळा खुपतो. त्याची गरजही नाही. लिब्रेकॅड हा प्रोग्रॅम पूर्णपणे मोफत आहे. आपल्या सपाट ड्रॉइंगची वर सांगितलेली बहुतेक कामे त्यात होतात, कमांडची अक्षरे थोडी वेगळी आहेत एवढेच. तो डीएक्सएफमध्ये फाइल ठेवतो आणि कटिंगवाल्याला तीच हवी असते. पत्रा वाकवण्याचे काम असेल तर फ्रीकॅड पाहावे, तेही मोफत आहे. ग्राहकाची किंवा इंजिनिअरची डीडब्ल्यूजी फाइल फक्त पाहायची व मोजायची असेल तर ऑटोडेस्कचेच डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू मोफत मिळते, आणि नव्या आवृत्तीची फाइल जुन्यात बदलण्याचे कामही ते करते.

फाइलला 'गेट नवीन', 'गेट नवीन फायनल', 'फायनल दोन' अशी नावे देऊ नयेत. गाव, ग्राहकाचे आडनाव आणि तारीख लिहावी, आणि कटिंगला पाठवलेल्या प्रतीचे वेगळे फोल्डर ठेवावे. वर सांगितलेल्या दुकानात आता चाचा फाइल पाठवण्याआधी मुलाला कर्ण आणि रुंदी मोठ्याने वाचायला लावतात आणि स्वतः वहीत लिहून घेतात. मग टेप घेऊन चौकटीजवळ जातात आणि परत आल्यावरच मान हलवतात.